आमसुली शालू

मुलुंडच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध घ्यायला बसले होते आणि समोरच्या भिंतीवर मला माझा रंग दिसला. आधी रंग, मग चेहरा. नवं कॅलेंडर होतं, शहाऐंशी सालचं, कुठल्याशा हिंगाच्या कंपनीचं. वर नवरी बसलेली, मांडीवर हात, नजर जराशी बाजूला, ओठ मिटलेले पण आता हसू फुटेल की काय असे. अंगावर शालू. आमसुलं उन्हात घातली की दुसऱ्या दिवशी जो रंग धरतात, वरून सुकलेला आणि आतून अजून ओला, तो लालसर जांभळा. छपाईत तो थोडा भडक झाला होता, जवळून बघितलं तर नुसते ठिपके दिसत होते. पण पोराला दुसऱ्याचे कपडे घातले म्हणून आई त्याला ओळखत नाही का? मी उठून भिंतीपाशी गेले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, 'छायाचित्र व रंगकाम : श्यामसुंदर'. मी ते तीनदा वाचलं. बोट ओलं करून त्या नावावरून फिरवलं. रंगाचं काम करताना डाग पडला तर असाच ओल्या बोटाने पुसायची सवय. नाव काही पुसलं गेलं नाही. मागून कंपाउंडर ओरडला, "ओ बाई, ते आमचं कॅलेंडर आहे हां. पाहिजे तर वाण्याकडे मागा." मी औषधाची बाटली तिथेच बाकावर विसरून घरी आले. खोकलाही विसरले असणार, कारण त्या दिवशी खोकल्याची आठवण नाही.

आता सांगून कोणाला पटणार नाही, पण आठ वर्षांपूर्वीपर्यंत लोकांना रंगीत फोटो हवा असला की तो माझ्यासारखीकडे यायचा. घाटकोपरला अण्णांचा स्टुडिओ होता. अण्णा काळापांढरा फोटो काढायचे, मोठा करायचे आणि पाकिटात घालून माझ्याकडे नाहूरला पाठवायचे. सोबत चिठ्ठी. साडी अमुक, काठ तमुक, डोळे घारे. कधी खाली एक ओळ जास्त असायची, 'गोरी करा'. सकाळचं स्वयंपाकपाणी उरकलं की मी खिडकीशी बसायची. रंगांची छोटी पुस्तकं मिळायची, त्यात रंगाची पानं. पानाचा तुकडा कातरायचा, बशीतल्या पाण्यात टाकायचा, रंग सुटला की काडीला कापूस गुंडाळून हलक्या हाताने फोटोवर चढवायचा. ओठ आणि कुंकू मात्र ब्रशने. ब्रशचं टोक जिभेवर ओढून बारीक करायचं, त्यामुळे रंगांच्या चवी मला पाठ होत्या. गुलाबी गोडसर, पिवळा मातकट, जांभळा कडू. नवरा, जयवंत, तेव्हा मिलमध्ये होता. पाळीवरून आला की माझी जीभ बघून म्हणायचा, "आज कोणाचं लग्न लावलंस?" मी जीभ बाहेर काढून दाखवायची. वेडेपणा होता, पण ते दिवस चांगले होते. मग रंगीत फिल्म आली, गल्लीगल्लीत लॅब झाल्या. अण्णा वारले, स्टुडिओ त्यांच्या मुलाने बदलला, मिलचा संप झाला आणि मी साड्यांना फॉल लावायला बसले. ब्रश एका डब्यात घालून वर टाकले. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. काळ बदलला की माणसाने बदलावं, एवढं मला कळतं. पण काळाने काम नेणं वेगळं आणि श्यामसुंदरने नाव नेणं वेगळं.

दुसऱ्याच दिवशी कॅलेंडरच्या खाली छापलेला पत्ता घेऊन मी अंधेरीला गेले. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या गल्लीत छापखाना. आत मशीनचा धडधडाट आणि शाईचा वास. त्या वासाने मला उगाच धीर आला. काचेच्या खोलीत मालक बसले होते, माणिकशेठ. गोल, घामट, डोळे मात्र भले. समोरच्या खुर्चीत गॉगल डोक्यावर चढवलेला एक जण पुढच्या वर्षाची चित्रं पसरून बसला होता. तोच श्यामसुंदर. मी म्हटलं, "तुमच्या हिंगाच्या कॅलेंडरवरचं चित्र माझं आहे. फोटो अण्णांचा, रंग माझा." एवढं वाक्य रात्रभर घोकलं होतं, ते एका दमात म्हणून टाकलं. माणिकशेठनी श्यामसुंदरकडे बघितलं. श्यामसुंदर हसला. लबाडी पकडली गेल्यावर माणूस हसतो तसं नाही, मजेत हसला. "काकू, तो फोटो मी अण्णांच्या मुलाकडून आणला. शोकेसमधले जुने फोटो भंगारात चालले होते. मी त्यावरून कॉपी काढली, नवी नेगेटिव्ह बनवली, साफ केली. मेहनत माझी आहे ना यार." मी म्हटलं, "आणि रंगकाम?" त्यावर तो म्हणाला, "रंगात काय असतं काकू? साडी जांभळी होती, तुम्ही जांभळी केली. जे होतं तेच भरलं. ते काय तुमच्या डोक्यातून आलं? शाळेतली पोरंसुद्धा भरतात." मशीनची धडधड तेवढ्यात थांबली, आणि त्याचं शेवटचं वाक्य सगळ्या छापखान्याला ऐकू गेलं. माणिकशेठ हळूच म्हणाले, "बात तो बरोबर आहे बाई. जे होतं तेच केलं, त्यात आपलं काय? चाय घेणार?" मी चहा घेतला नाही. बोलायला तोंड उघडलं होतं, पण जे बोलायचं होतं ते नऊ वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घ्याव्या लागल्या त्या त्याच एका गोष्टीपायी.

गोष्ट अशी. त्या नवरीचा फोटो आला तेव्हा चिठ्ठी हरवली. पाकीट उघडलं तेव्हा होती, मी वाचायच्या आधीच पंख्याच्या वाऱ्याने गेली. टेबलाखाली बघितलं, गादी झटकली, केर उपसला. अण्णा गावाला गेलेले, फोटो दुसऱ्या दिवशी द्यायचा. अण्णांचा धाक असा की चिठ्ठी हरवली हे सांगण्यापेक्षा मेलेलं बरं. काळ्यापांढऱ्या फोटोत लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे दिसतात, आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. त्या करड्या शालूकडे बघत मी तासभर बसले. मग शालूकडे बघायचं सोडलं आणि चेहऱ्याकडे बघायला लागले. पोरगी हसू दाबत होती. काहीतरी होतं तिच्या पोटात, कोणाला न सांगितलेलं. हिला काय शोभेल? माझं स्वतःचं लग्न चुलतबहिणीच्या उसन्या पिवळ्या साडीत झालं होतं, ती साडी दुसऱ्या दिवशी घडी घालून परत गेली. मला काय हवं होतं हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं, मीही नव्हतं विचारलं. त्या तासात विचारलं. जांभळ्याचं पान घेतलं, त्यात लाल, त्यात किंचित तपकिरी, बशीत तो रंग फिरायला लागला आणि मला लहानपणचं अंगण दिसलं, सुपात वाळत घातलेली आमसुलं, आईची लाल झालेली बोटं. दोन प्रती होत्या, एक गिऱ्हाइकाची, एक शोकेसची. दोन्ही त्याच रंगात केल्या. हात एकदाही थरथरला नाही. आयुष्यात इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मग दिवाळीच्या साफसफाईत कपाटामागे चिठ्ठी सापडली. अण्णांचं टपोरं अक्षर, 'शालू हिरवा'. मी ती स्टोव्हवर धरली आणि राख मोरीत सोडली. झाकली मूठ सव्वा लाखाची. अण्णांनी शोकेसची प्रत पहिल्यांदा बघितली तेव्हा खूप वेळ उभे राहिले होते, आणि मग 'हं' म्हणून ती सर्वांत पुढे लावली. त्यांना आठवत होतं की नव्हतं, हे मला कधीच कळलं नाही. विचारायची छाती नव्हती.

अंधेरीहून परत आले ती तशीच फॉल लावायला बसले. सुई बोटात गेली. जयवंत नोकरीवरून आला, आता तो भांडुपच्या एका कारखान्यात गेटवर असतो. मी सगळं सांगितलं, चिठ्ठीचं सोडून. तो जेवता जेवता ऐकत होता. "कॅलेंडरवर नाव आलं म्हणजे काय रेशन जास्त मिळणार आहे?" म्हणाला. त्याची सवयच आहे, आधी टोचायचं, मग विचार करायचा. भात कालवताना हात थांबला आणि म्हणाला, "पण सुगंधा, तो बोलतो त्याला उत्तर काय? जे होतं तेच भरलंस ना तू?" मी म्हटलं, "नाही." "नाही म्हणजे?" "शालू हिरवा होता." जयवंतने माझ्याकडे बघितलं. मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होते. चिठ्ठी, पंखा, स्टोव्ह, सगळं सांगितलं. त्याने पूर्ण ऐकलं आणि एवढ्या जोरात हसला की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. "अगं बये, मग तर तुझी लॉटरी लागली! हिरवा होता आणि जांभळा केलास, तर तो जांभळा दुसऱ्या कोणाचा असणार?" नऊ वर्षं जिला मी पाप म्हणून पोटात ठेवलं होतं तीच एक गोष्ट होती जी श्यामसुंदर भंगारातून उचलू शकत नव्हता. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. पण लगेच दुसरा विचार आला. चिठ्ठी मी जाळली. आता शालू हिरवा होता हे सांगणारं जगात उरलं कोण?

पत्ता माझ्या लक्षात होता. फोटोच्या पाठीवरून गिऱ्हाइकाच्या पाकिटावर मीच उतरवला होता, आणि आपली चूक जिथे पोचली तो पत्ता माणूस विसरत नाही. दहिसर, नदीकाठची चाळ, प्रेमा. रविवारी गेले. दार उघडलं तीच ती, अंगाने भरलेली, कडेवर पोर, पण ओठ तसेच, हसू दाबून ठेवलेले. आत भिंतीवर मी रंगवलेला तिचा फोटो. वाण्याकडून मागून आणलेलं कॅलेंडर मी पिशवीतून काढून तिच्यापुढे धरलं. ती आधी किंचाळली, मग हसली, मग एकदम रागावली. "हे काय, मला न विचारता? माझं तोंड हिंगावर? वाण्याच्या दुकानात सगळे बघणार?" मी तिला शांत केलं आणि विचारलं, "तुझा शालू कुठल्या रंगाचा होता गं?" तेवढ्यात आतून तिची सासू आली, रत्नप्रभाबाई, मालवणकडच्या, कमरेत वाकलेल्या पण आवाज खणखणीत. "माका विचार. मी सासू तिची. शालू जांभळोच होतो. मांडवात सगळी बघीत रवलेली." प्रेमाचा मोठा मुलगाही म्हणाला, जांभळाच, फोटोत दिसतोय की. प्रेमा पोराला थोपटत हळूच म्हणाली, "पहिल्या वर्षी मी म्हणायचे, हिरवा होता. सगळे हसायचे. स्वतःच्या लग्नातली साडी आठवत नाही म्हणायचे. मग मीच बोलायचं सोडलं. आता तर मलाच खात्री नाही हो. रोज त्या फोटोकडे बघून बघून." मी विचारलं, शालू आहे ना? आहे, पोटमाळ्यावर, ट्रंकेत. ट्रंकेवर दोन गाद्या, शिलाई मशीन आणि गणपतीचं मखर. एवढ्यासाठी कोण उतरवणार म्हणून नऊ वर्षं कोणी उतरवली नव्हती. मी पदर खोचला. बेचाळीस वर्षांची मी शिडी चढले, मखर उतरवलं, गाद्या उतरवल्या, मशीन प्रेमाने खालून धरली. ट्रंकेचं झाकण उघडलं तर डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि डोळ्यांत पाणी. पितळेचा तांब्या, दोन चादरी, एक जुनं धोतर, आणि त्याखाली मलमलच्या फडक्यात शालू. प्रेमाने फडकं सोडलं. हिरवा. गर्द, पोपटाच्या पंखासारखा हिरवा. काठ लाल. रत्नप्रभाबाई चष्मा वर करून बघायला लागल्या. "हो खयसून इलो?" म्हणाल्या. प्रेमा शालू छातीशी धरून खाली बसली आणि नऊ वर्षांचं दाबलेलं हसू एकदम बाहेर काढलं. मग सासूला म्हणाली, "बघितलंत? बघितलंत ना आई?" त्या हसण्यात मीही सामील झाले. मग मी तिला खरं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. माझ्या एका पंख्याच्या वाऱ्याने तिला स्वतःच्या घरात खोटं पाडलं होतं. ती चिडली, थोडी. "एवढी वर्षं मला वेडी ठरवलंत हो तुम्ही." मी म्हटलं, "चुकले." ती म्हणाली, "चुकलात. आता चला, त्या कॅलेंडरवाल्याकडे. मला पण त्याला विचारायचंय."

सोमवारी आम्ही दोघी अंधेरीला गेलो. माणिकशेठनी आधी मला बघितलं आणि कंटाळले, मग माझ्यामागे कॅलेंडरवरची नवरी आत येताना बघून खुर्चीतून उठून उभे राहिले. श्यामसुंदरला बोलावून घेतलं. प्रेमाने टेबलावरची कागदपत्रं बाजूला सारली आणि शालू पसरला. शेजारी कॅलेंडर ठेवलं. तेच बुट्टे, तीच कोयरी, पदरावरचा तोच मोर, आणि रंग दुसराच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? माणिकशेठ कधी शालूकडे बघत, कधी चित्राकडे. मी म्हटलं, "जे होतं ते हे. हिरवा. तुमच्या चित्रात जो आहे तो ह्या जगात कुठेच नव्हता. तो मी केला. आता सांगा, जे होतं तेच भरलं का?" श्यामसुंदरने गॉगल डोक्यावरून काढला. "म्हणजे काकू, तुम्ही चूक केलीत!" तो म्हणाला, जणू काही मला पकडलं. ह्याच वाक्याला मी नऊ वर्षं घाबरत होते. आणि आता ते समोर आलं तर काहीच वाटलं नाही, उलट अंगात बारा हत्तींचं बळ आलं. "हो, केली," मी म्हटलं, "चूक माझी आहे. आणि तुम्ही माझी चूक जशीच्या तशी उचललीत आणि वर आपलं नाव लिहिलंत. बरोबर तरी केली असतीत." माणिकशेठना हसू आवरेना. बाहेर मशीनवरचा माणूससुद्धा काचेतून बघत होता. प्रेमा म्हणाली, "आणि मला विचारलं का कोणी? विचारलं असतं तर नाही म्हटलं नसतं कदाचित. पण विचारायचं असतं." श्यामसुंदर पुढे काही बोलायला गेला, तर माणिकशेठनी हात वर केला. "तू गप रे. वाट लावलीस माझी." मग माझ्याकडे वळून अहोजाहो करायला लागले. पाठवायची राहिलेली कॅलेंडरं मागे होती, त्यांच्या कोपऱ्यावर पट्टी चिकटवतो म्हणाले, फोटो अण्णांचा, रंग तुमचा. पुढच्या वेळी छापताना नाव चित्रातच. प्रेमाची लेखी परवानगी घेणार, तिला मान्य असेल तरच. पुढच्या वर्षासाठी जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंचं एक कॅलेंडर करूया, रंग तुम्हीच द्या, हेही म्हणाले. परवानगीबद्दल प्रेमा म्हणाली, "मी नाही म्हणत नाही. पण घरी सासूला विचारून सांगते, तिच्यावरचा पण राग काढायचाय मला." हे सगळं त्यांनी छापखान्याच्या कागदावर लिहून घेतलं आणि मला विचारलं, नाव कसं टाकायचं. मी सांगितलं, सुगंधा. एवढंच. त्यांनी लिहिलं. स्वतःचं नाव दुसऱ्याच्या हाताने उमटताना मी बघत राहिले.

कागद झाला, चहा आला, या वेळी मी घेतला. श्यामसुंदर आपली चित्रं गोळा करून निघून गेला होता. माणिकशेठ बशीत चहा ओतत होते, एकदम थांबले. त्यांना भला विचार सुचला होता, चेहऱ्यावर दिसत होता. "बाई, आता कळलंच आहे तर एक करूया ना? पुढच्या छपाईत शालू हिरवा करतो. ओरिजिनल. ह्या बाईंचा शालू इथे आहेच, बघून मॅच करतो. झकास होईल. तुमची चूक पण दुरुस्त." मी प्रेमाकडे बघितलं. शालू तिचा होता, नऊ वर्षं तिला कोणी खरं मानलं नव्हतं, आणि ती हो म्हणाली असती तर मी तिला काय सांगणार होते? प्रेमाने टेबलावरचा शालू सावकाश गोळा केला, घडीवर घडी घातली, फडक्यात बांधला आणि पिशवीत ठेवला. "माझा हिरवा माझ्याकडे आहे शेठ," ती म्हणाली, "तो मी नेते घरी, सगळ्या चाळीला दाखवायला. चित्रातला ह्यांचा आहे. ह्यांना विचारा." दोघंही माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा रंगाबद्दल कोणी मला विचारत होतं, आणि चिठ्ठी कुठेच नव्हती. मी बशी खाली ठेवली.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "आमसुलीच राहील."